बळी कोणी घेतला? बलिदान कोणी केले?

प्रायश्चित्तकाळातील अभ्यासपाठ



प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी आपण क्रुसाच्या वाटेची भक्ती करतो. चौदा स्थाने, प्रत्येक स्थानापुढे गुडघे टेकणे, वाचन, गीत आणि पुन्हा पुढे. ही वाट आपल्या पायांना लहानपणापासून ठाऊक आहे. ‘येशू आपल्या पापांसाठी मेला’ हे वाक्य तर धर्मशिक्षणाच्या पहिल्या वर्गातले मूलही न अडखळता म्हणते. पण तीच मुले मोठी होऊन दृढीकरणाच्या तयारीला बसतात, तेव्हा याच वाक्यावर अडतात. “फादर, देवाला क्षमाच करायची होती तर त्याने सरळ का केली नाही? रक्त कशाला हवे होते?” “बापाने स्वतःच्या मुलाला मरायला पाठवले, याला प्रेम कसे म्हणायचे?”

हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. मोठ्यांच्या मनातही ते असतात, फक्त मोठी माणसे ते बोलून दाखवत नाहीत. ज्या घरातले तरुण मूल अपघातात गेले, त्या घरातली आई रात्री उशीत तोंड खुपसून म्हणते, “माझ्या कुठल्या पापासाठी देवाने माझ्या लेकराचा बळी घेतला?” मुलाचा प्रश्न आणि आईचा हुंदका या दोन्हींच्या मागे देवाची एकच प्रतिमा उभी आहे: हिशेब चुकता होईपर्यंत कुणाचे तरी रक्त मागणारा देव. ही प्रतिमा आपल्या श्रद्धेतली आहे का, हे आज आपण पवित्र शास्त्राच्या आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या आधारे तपासून पाहू या.

१. एक मरण, दोन कृती

मराठीत आपण ‘बळी घेणे’ म्हणतो आणि ‘बलिदान करणे’ असेही म्हणतो. दोन्ही शब्द एकाच घरातले, पण अर्थ मात्र निराळा. दंगलीने निरपराध माणसांचा बळी घेतला, असे वर्तमानपत्रात छापून येते. कचेरीत चूक वरच्याची असते आणि नोकरी शिपायाची जाते, तेव्हा आपण म्हणतो, ‘त्याला बळीचा बकरा केला.’ इथे सोसणारा माणूस स्वतः काही करत नसतो. इतर लोक त्याच्यावर ते लादतात. पण बुडणाऱ्या मुलाला वाचवताना कुणी स्वतः बुडाला, तर त्याने प्राणांचे बलिदान केले असे आपण म्हणतो. तिथे मरणाला देणारा हात असतो.

कालवारीच्या टेकडीवर या दोन्ही कृती एकाच वेळी घडल्या.

बळी घेणारे कोण होते, हे शुभवर्तमान लपवत नाही. सगळे राष्ट्र नष्ट होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे सोयीचे, असा हिशेब मुख्य याजक कयफाने मांडला (योहान ११:४९-५०). येशू निर्दोष आहे हे पिलाताला कळत होते, तरी खुर्ची सांभाळण्यासाठी त्याने हात धुतले. गर्दी ओरडली, शिपायांनी खिळे ठोकले, शिष्य पळाले. भीती, मत्सर, सत्तेचा मोह आणि भ्याडपणा ही आपल्या ओळखीची पापे तिथे एकत्र आली आणि त्यांनी एका निरपराध्याचा बळी घेतला.

पण येशूने आधीच सांगून ठेवले होते की, आपला प्राण कुणी आपल्याकडून हिसकावून घेत नाही, आपण तो स्वतः होऊन देतो (योहान १०:१८). गुरुवारच्या संध्याकाळकडे जरा लक्ष द्या. अजून कुणी त्याला हात लावलेला नाही. यहुदाचे शिपाई बागेत पोहोचायचे आहेत. त्या भोजनात त्याने भाकर मोडून आपले शरीर आणि प्याला पुढे करून आपले रक्त शिष्यांना देऊन टाकले. शुक्रवारी शत्रूंनी जे घेतले, ते त्याने गुरुवारीच दिले होते. म्हणून क्रुसावरील मरण ही केवळ हत्या राहिली नाही, ते अर्पण झाले.

आता खरा प्रश्न असा: या दोन बाजूंपैकी पिता कुठल्या बाजूला उभा होता? घेणाऱ्यांच्या की देणाऱ्याच्या?

२. जुन्या करारातील यज्ञ काय शिकवतो?

पुष्कळांना वाटते की जुन्या करारातला देव घेणारा होता आणि नव्या करारातला देव देणारा झाला. जरा बारकाईने वाचले तर तसे दिसत नाही.

इस्राएलच्या शेजारच्या लोकांमध्ये स्वतःची मुले देवतांना अर्पण करण्याची प्रथा होती. मवाबाच्या राजाने वेढ्यात सापडल्यावर आपल्या थोरल्या मुलाचे होमार्पण केल्याची नोंद बायबलमध्ये आहे (२ राजे ३:२७). पण अब्राहामाने सुरा उचलला तेव्हा देवाने त्याचा हात थांबवला आणि मेंढा स्वतः पुरवला (उत्पत्ती २२). मुलांना अग्नीत जाळण्याचा विचारसुद्धा आपल्या मनात कधी आला नव्हता, असे देव यिर्मयाच्या तोंडून बजावतो (यिर्मया ७:३१). पापाच्या मोबदल्यात पोटचा गोळा द्यावा काय, असे मीखा विचारतो आणि देवाला न्याय, दया व नम्रतेचे चालणे हवे असल्याचे उत्तर देतो (मीखा ६:६-८).

मग यज्ञातले रक्त कशासाठी? लेवीयच्या पुस्तकात याचे उत्तर आहे. प्राण्याचा जीव त्याच्या रक्तात असतो आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी मीच तुम्हाला दिले आहे, असे तिथे देव सांगतो (लेवीय १७:११). देणारा कोण, हे पाहा. आपण समजतो की माणूस रक्त देतो आणि देव ते घेतो. शास्त्र म्हणते की प्रायश्चित्ताचे साधनही देवच माणसाच्या हाती देतो. यज्ञातले रक्त म्हणजे मरण दाखवून देवाची समजूत घालणे नव्हे. रक्त म्हणजे जीव. पापाने जे विटाळले ते त्या जिवाने धुतले जाते.

वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी येणारा प्रायश्चित्ताचा दिवस लेवीयच्या सोळाव्या अध्यायात वर्णिला आहे. त्या दिवशी दोन बकरे आणत आणि चिठ्ठ्या टाकत. एका बकऱ्याचे रक्त मुख्य याजक परमपवित्र स्थानातील दयासनावर शिंपडी. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून तो लोकांची पापे कबूल करी आणि तो बकरा जिवंतपणी रानात सोडला जाई. इथे एक गोष्ट सहज निसटून जाते. ज्याच्यावर पापे ठेवली जात त्याला वेदीवर मारत नसत, आणि जो वेदीसाठी मारला जाई त्याच्यावर पापे ठेवत नसत. म्हणजे ‘पापांचे ओझे एकावर टाकायचे आणि देवाने त्याला शिक्षा म्हणून ठार करायचे’ असा अर्थ त्या विधीत नव्हता. एक बकरा शुद्धीचे चिन्ह होता, दुसरा पाप दूर नेले जाण्याचे. संत पौल रोमकरांस लिहिताना ख्रिस्ताला देवाने पुढे केलेले प्रायश्चित्त म्हणतो (रोम. ३:२५). तिथला ग्रीक शब्द तोच आहे, जो जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दयासनासाठी वापरला आहे. देव आणि माणूस जिथे भेटतात ती जागा आता ख्रिस्त आहे, आणि ती देवाने स्वतः मांडली आहे.

या सगळ्या विधींना मर्यादा होती. बैलांचे आणि बकऱ्यांचे रक्त पापे दूर करू शकत नाही, असे इब्री लोकांस पत्र स्पष्ट म्हणते (१०:४). प्राणी स्वतःला देत नाही. त्याला धरून आणावे लागते. यज्ञाला ज्याची वाट होती तो असा कुणीतरी, जो स्वतःच्या पायांनी येईल आणि पित्याची इच्छा पूर्ण करायला मी आलो आहे असे म्हणेल (इब्री १०:५-१०).

३. सोडवणूक: किंमत कुणाला दिली?

‘तारण’ हा शब्द आपण चर्चमध्ये ऐकतो आणि बँकेतही ऐकतो. कर्ज घेताना घर किंवा जमीन तारण ठेवतात. कर्ज फिटले नाही तर ती हातची जाते. शास्त्रातील सोडवणुकीची कल्पना अशाच व्यवहारातून आली आहे. गरिबीमुळे एखाद्याने आपली जमीन विकली तर त्याच्या जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी, आणि तो स्वतःच गुलाम म्हणून विकला गेला तर भावाने किंवा चुलत्याने त्याला सोडवावे, असा नियम होता (लेवीय २५:२५, ४७-४९). अशा सोडवणाऱ्या नातलगाला हिब्रू भाषेत ‘गोएल’ म्हणत. बवाजाने रूथच्या घराण्याची जमीन सोडवली आणि रूथशी विवाह करून त्या घराण्याला आधार दिला, तो याच नात्याने (रूथ ४).

यशया संदेष्टा हाच शब्द देवासाठी पुन्हा पुन्हा वापरतो. देव हा इस्राएलचा ‘गोएल’, म्हणजे संकटात धावून येणारा रक्ताचा नातलग. देव माणूस का झाला, याचे एक उत्तर इथेच मिळते. सोडवण्याचा हक्क नातलगाचा असतो, म्हणून तो आपला नातलग झाला.

आता एक शब्द आपल्याला अडवतो. मनुष्याचा पुत्र आपला प्राण पुष्कळांसाठी देण्यास आला, असे प्रभू म्हणतो (मार्क १०:४५), तिथे प्रचलित मराठी बायबलमध्ये ‘खंडणी’ हा शब्द आहे. आजच्या कानांना खंडणी म्हटले की गुंडाने दिलेली धमकी आठवते. मग मनात येते, इथे खंडणी मागणारा कोण? हा प्रश्न ख्रिस्तसभेत फार जुना आहे. काही आरंभीच्या लेखकांनी सैतानाला किंमत दिली असे सुचवले. चौथ्या शतकातील नाझियांझसचे संत ग्रेगरी यांना ते पटले नाही. चोराला एवढी मोठी किंमत कशी मिळावी? आणि पित्याला म्हणावे, तर इसहाकाचेही अर्पण ज्याने स्वीकारले नाही तो पुत्राच्या रक्ताने कसा सुखावेल? पित्याने ते अर्पण मागितले म्हणून नव्हे, तर आपल्या तारणाच्या योजनेसाठी स्वीकारले, असे त्यांनी उत्तर दिले.

मिसर देशातील सुटका आठवली तर हे सोपे होते. देवाने आपल्या लोकांना सोडवले असे निर्गमचे पुस्तक सांगते (६:६), आणि तिथे मूळ भाषेत सोडवणुकीचाच शब्द आहे. पण फारोला कुणी पैसा मोजला नाही. ‘किंमत’ म्हणजे कुणाच्या तिजोरीत पडलेली रक्कम नव्हे. आपली सुटका देवाला किती महाग पडली, ते सांगणारा तो शब्द आहे.

४. ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी काय म्हटले?

अकराव्या शतकाच्या अखेरीस संत अँसेल्म यांनी ‘देव माणूस का झाला’ या प्रश्नावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पापाने देवाला देणे असलेला मान हिरावला जातो. ते ऋण माणसाचे आहे, पण फेडण्याचे सामर्थ्य फक्त देवाचे आहे. म्हणून जो देव आणि माणूस दोन्ही आहे, त्यानेच भरपाई केली. लक्षात घ्या, अँसेल्म यांनी ‘शिक्षा किंवा भरपाई’ असे दोन मार्ग मांडले आणि ख्रिस्ताचे मरण भरपाईच्या बाजूला ठेवले. पुढील काळात काही उपदेशकांनी मात्र रागावलेला पिता आणि त्याचा मार खाणारा पुत्र असे चित्र रंगवले. मुलांना प्रश्न पडतात ते या चित्रामुळे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या मनात ठेवण्यासारख्या आहेत. एक, देव भरपाईशिवायही क्षमा करू शकला असता आणि तसे करण्यात अन्याय झाला नसता. दोन, पित्याने पुत्रावर बळजबरी केली नाही. स्वतःला देण्याची प्रीती त्याच्या मानवी मनात भरली. तीन, ख्रिस्ताचे अर्पण मोलाचे ठरले ते वेदनांच्या मापाने नव्हे, तर ज्या प्रीतीने त्याने ते केले त्या प्रीतीमुळे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही हेच सांगतो की, आपल्या कोणत्याही पुण्याईच्या आधी पित्याच्या प्रीतीने पुढाकार घेतला. संत पौल तर देवाचा आपल्याशी समेट झाला असे म्हणतच नाही. देवाने ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट केला, म्हणून तुम्ही देवाशी समेट करा, असे तो विनवतो (२ करिंथ. ५:१८-२०). पाठ देवाने फिरवली नव्हती, आपण फिरवली होती.

तेव्हा मघाच्या प्रश्नाचे उत्तर असे: पिता देणाऱ्याच्या बाजूला होता. पुत्र जे देत होता, ते पितापुत्रांचे एकच देणे होते.

५. मग क्रूस का? सरळ क्षमा का नाही?

सरळ क्षमा अशी काही वस्तू नसते. ज्याने खरोखर कुणाला क्षमा केली आहे त्याला हे ठाऊक आहे.

समजा, शेजाऱ्याने तुमच्याकडून पन्नास हजार रुपये उसने घेतले आणि ते बुडाले. तुम्ही म्हणालात, “जाऊ दे, सोडले.” त्याचे ऋण फिटले, पण पन्नास हजार हवेत विरले नाहीत. ते तुमच्या खिशातून गेले. समजा, कुणी गावभर तुमची खोटी बदनामी केली आणि तुम्ही सूड न घेता क्षमा केली. बदनामीचे दुःख तुमच्याकडेच राहिले; तुम्ही ते पुढे कुणाला दिले नाही, एवढेच. क्षमा ही क्षमा करणाऱ्याला महाग पडते. सूड म्हणजे आपल्याला झालेली जखम दुसऱ्याला देणे, आणि क्षमा म्हणजे ती आपल्यापाशी थांबवणे.

पाप ही वहीतली नोंद असती तर देवाने ती एका रेघेने खोडली असती. पण पाप हे खरे नुकसान आहे. त्याने माणसे मोडतात, नाती तुटतात, पुढच्या पिढीपर्यंत विष उतरते. बापाकडून मार खाल्लेला मुलगा आपल्या मुलाला मारतो. अपमान झालेला नोकर घरी येऊन बायकोवर ओरडतो. प्रत्येक जण आपल्याला मिळालेले पुढे ढकलतो. क्रुसावर ही साखळी एका ठिकाणी थांबली. जगाने जेवढे पाप त्याच्यावर ओतले तेवढे येशूने स्वतःत घेतले आणि त्यातले काहीच परत केले नाही. मारणाऱ्यांसाठी त्याने पित्याकडे क्षमा मागितली (लूक २३:३४). आपण त्याला देवाने मारलेला समजलो, पण तो आपलेच दुखणे वाहत होता, हे यशयाने फार आधी लिहून ठेवले होते (यशया ५३:४).

पास्काच्या पहाटे पित्याने हे अर्पण स्वीकारल्याची ग्वाही दिली. पुनरुत्थानाशिवाय क्रूस ही आणखी एका चांगल्या माणसाच्या हत्येची कहाणी राहिली असती. पुनरुत्थानामुळे कळले की पाप सोसून संपवणारी ही प्रीती पापापेक्षा आणि मरणापेक्षा बळकट आहे. तिच्यात आपल्याला सामील करून घेणे, हेच आपले तारण.

६. ऑशविट्झमधील एक उदाहरण

१९४१ साली जुलैच्या अखेरीस ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून एक कैदी निसटला. शिक्षा म्हणून त्याच्या गटातील दहा जणांना उपाशी ठेवून मारण्यासाठी निवडले गेले. त्यातील फ्रान्चिशेक गायोव्निचेक हा पोलिश सैनिक बायकामुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागला. तेव्हा रांगेतून एक कैदी पुढे आला आणि याच्याऐवजी मला न्या, मी कॅथलिक धर्मगुरू आहे, असे त्याने सांगितले. ते फ्रान्सिस्कन धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे होते. सुमारे दोन आठवडे ते त्या कोठडीत इतरांसोबत प्रार्थना करत राहिले. अखेर १४ ऑगस्ट १९४१ रोजी विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १० ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांना संतपद दिले, तेव्हा गायोव्निचेक तिथे हजर होते. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

या प्रसंगात मरण मागणारा देव नव्हता. मरण मागत होती ती छावणीची सत्ता. नाझींनी दहा बळी घेतले. कोल्बेंनी मात्र स्वतःला दिले, आणि त्या देण्यात देव होता. त्याच क्षणी त्या अंगणात कयफाचा हिशेबही चालू होता आणि ख्रिस्ताचे अर्पणही चालू होते.

७. आपल्या घरात याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट: त्याग स्वतःचा करता येतो, दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. आपल्या कुटुंबांत ‘त्याग’ आणि ‘क्रूस’ हे शब्द कधी कधी भलत्याच कामाला जुंपले जातात. वडील वारले की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात आणि म्हणतात, “भावासाठी एवढा त्याग कर, माहेर तुटू देऊ नकोस.” १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. तिने राजीखुशीने सोडला तर ते तिचे देणे आहे. पण रडवून, धमकावून, अबोला धरून सही घेतली, तर तो बळी आहे, आणि घेणारा भाऊ दर रविवारी पहिल्या बाकावर बसत असला तरी त्यात फरक पडत नाही. तसेच नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला “हा तुझा क्रूस आहे, सोस” असे कुणी सांगू नये. येशूने दिलेला क्रूस प्रीतीने उचलायचा असतो. दुसऱ्याच्या मुठीतला मार हा क्रूस नव्हे, ते पाप आहे, आणि ते थांबवणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे. अशा घरातील भगिनींनी मदत मागायला संकोच करू नये. धर्मग्रामाचे दार त्यांना उघडे आहे.

दुसरी गोष्ट: येशूने सारे फेडले, म्हणून आपण लुबाडलेले परत करायचे नाही, असा अर्थ होत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याला फसवणाऱ्याने आधी मूळ वस्तू आणि वर तिचा पाचवा हिस्सा मालकाला द्यावा, आणि त्याच दिवशी वेदीवर अर्पण आणावे असे सांगितले आहे (लेवीय ६:१-७). प्रभूनेही अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले (मत्तय ५:२३-२४). जक्कयाच्या घरी तारण आले, तेव्हा त्याने निम्मी मालमत्ता गोरगरिबांना दिली आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करायचे ठरवले (लूक १९:१-१०). येशूने त्याला अट घातली नव्हती. प्रीती मिळाली म्हणून त्याची मूठ सुटली. पापनिवेदनात आपण क्षमा मिळवतो ती विकत घेत नाही. पण सरकवलेला बांध मागे घेणे, ठेवलेले पैसे परत देणे, पसरवलेली खोटी गोष्ट खोटी होती असे त्याच लोकांत सांगणे, ही त्या क्षमेची फळे आहेत.

तिसरी गोष्ट: दुःखी आईला. बाई, देवाने तुमच्या लेकराचा बळी घेतलेला नाही. अपघाताला रस्ता, वेग, चूक अशी कारणे असतात आणि आजाराला शरीराची कारणे असतात. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाविषयी शिष्यांनी ‘पाप कुणाचे?’ असे विचारले, तेव्हा प्रभूने याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही, असे उत्तर दिले (योहान ९:१-३). ‘का?’ याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही आणि क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियामातेलाही त्या दिवशी ते मिळाले नव्हते. पण ज्याने स्वतःचा पुत्र थडग्यात ठेवलेला पाहिला, तो पिता तुमच्या घरी वसुलीला येत नाही. तो तुमच्या शेजारी बसायला येतो.

८. मिस्साबलिदानात आपण काय अर्पण करतो?

ट्रेंटच्या परिषदेने १५६२ साली शिकवले की मिस्सामध्ये तोच ख्रिस्त अर्पण केला जातो, जो क्रुसावर अर्पण झाला. अर्पण करणाराही तोच असतो, फक्त पद्धत वेगळी, रक्त न सांडता. म्हणजे दर रविवारी आपण येशूला पुन्हा मारत नाही. त्याचे एकदाच झालेले देणे आपल्यासमोर येते आणि आपल्याला त्यात ओढून घेते.

म्हणून अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू लोकांना सांगतात की, माझे आणि तुमचेही अर्पण पित्याला मान्य व्हावे म्हणून प्रार्थना करा. ‘तुमचे’ हा शब्द तिथे उगाच नाही. संत ऑगस्टीन शिकवतात की देवाशी जोडले जावे म्हणून केलेले प्रत्येक दयेचे कृत्य हा खरा यज्ञ आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या संहितेत सांगितले की सामान्य भाविकांचे काम, प्रार्थना, कौटुंबिक जीवन, विश्रांती आणि धीराने सोसलेले कष्टही ख्रिस्ताच्या शरीराबरोबर मिस्सामध्ये पित्याला अर्पण होतात. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे कपडे बदलणारी सून, पहाटेची लोकल पकडून घर चालवणारा बाप, परीक्षेच्या दिवसांतही मित्राला वही देणारा विद्यार्थी, हे सगळे त्या पाटेनवर असतात. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतात तेव्हा मनात म्हणा: प्रभो, या आठवड्यात मी जे दिले तेही यात घे, आणि मी जे कुणाकडून घेतले ते परत देण्याचे बळ दे.

समूहात चर्चेसाठी

पायाभूत ख्रिस्ती समूहाच्या या आठवड्यातील सभेत लूक १९:१-१० वाचावे, थोडा वेळ शांत राहावे आणि पुढील प्रश्नांवर बोलावे. कुणाच्याही घरातील खाजगी गोष्ट नाव घेऊन बोलू नये.

१. देवाविषयी माझ्या मनात कोणती प्रतिमा आहे, वसुली करणाऱ्याची की सोडवणाऱ्या नातलगाची? ती कुठून आली?
२. आपल्या समाजात ‘त्याग’ नेहमी कुणाकडून मागितला जातो? कुणाकडून कधीच मागितला जात नाही?
३. मला मिळालेली कोणती जखम मी पुढे ढकलत आहे? ती माझ्यापाशी थांबवायला मला कशाची गरज आहे?
४. पास्काच्या आधी मला कुणाचे काय परत करायचे आहे?

पवित्र आठवड्यापूर्वी पापनिवेदनासाठी शनिवारी संध्याकाळी धर्मगुरू चर्चमध्ये बसतील. चौथ्या प्रश्नाचे उत्तर सोबत घेऊन या.

पित्याची प्रीती आणि ख्रिस्ताची शांती तुमच्या घरी राहो.

आपला प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू